मामा, दोरी सोडू नका



माझ्या हातून एकदा धनुष्य मोडलं. प्रभू रामचंद्रांच्याही हातून मोडलं होतं, पण त्यांनी मोडलं ते ओढताना आणि मी मोडलं ते सोडताना. शिवाय तिथं सीतेचं स्वयंवर ठरलेलं होतं. मी सांगलीहून साताऱ्याला अक्काकडे फक्त जेवायला गेलो होतो.

अक्काचा धाकटा मुलगा, माझा भाचा, तिरंदाजी शिकतो. साताऱ्यात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण घेतले आणि सतराव्या वर्षी ती जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं १५० पैकी १५० घेतले. दोघांचे प्रशिक्षक एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. इतकं झाल्यावर एखाद्या घरात क्रिकेटच्या बॅटच्या जागी धनुष्य दिसलं, तर त्यात आश्चर्य ते काय!

पण हे आपल्या डोळ्यांपुढचं धनुष्य नव्हे. ह्याला कंपाउंड म्हणतात. मधे धातूची मूठ, वर आणि खाली एकेक ताठ पाती, पातींच्या टोकांना लंबगोल चाकं आणि त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. पातींना पोरं 'लिंब' म्हणतात. साताऱ्याच्या माणसाला लिंब म्हटलं की बारा मोटांच्या विहिरीचं गाव आठवतं. अक्काला तर बरेच दिवस वाटत होतं की पोरगं कडुलिंबाबद्दलच बोलतंय.

जेवणं झाली. भाचा हात धुवायला गेला. धनुष्य पलंगावर होतं. मी ते उचललं, तीन बोटं दोरीत अडकवली आणि ओढलं. सुरुवातीला दंड थरथरले, दोरी येईना. मग एकाएकी सगळं हलकं झालं. त्या चाकांची करामतच ती, अर्धं अंतर पार झालं की ती ओझं स्वतःवर घेतात. पन्नास पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर दहाबारा पौंडांचं वाटतं. मला वाटलं, अरे वा, अजून दम आहे आपल्यात! तेवढ्यात भाचा दारात आला आणि आवाज चढू न देता म्हणाला, "मामा, दोरी सोडू नका. तशीच धरा, आणि सावकाश पुढं न्या."

मी सावकाशच नेत होतो. पण येताना जे ओझं अचानक उतरलं होतं, ते जाताना तितकंच अचानक परत चढतं, हे मला कोण सांगणार? दोरीनं बोटांना हिसका दिला आणि निघून गेली.

आवाज टणत्कारासारखा मुळीच नव्हता. डब्यात लवंगी फटाका फुटावा तसा होता. दोरी चाकावरून उतरून लोंबत होती, वरची पाती उभी चिरली होती आणि तिची एक कपची भिंतीवरच्या कॅलेंडरमधे, संकष्टीच्या चौकोनात घुसली होती. पोरानं आधी माझा चेहरा धरला, दोन्ही डोळे पाहिले, मग बोटं. धनुष्याकडे त्यानं नंतर पाहिलं. अक्का स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "रामाला निदान सीता मिळाली. तुला काय मिळालं?"

मिळालं ते बिल. माझ्या एका महिन्याच्या पेन्शनच्या पुढचं. आकडा सांगत नाही.

ह्या प्रकाराला तिरंदाज 'ड्राय फायर' म्हणतात. आपल्या भाषेत भाता आहे, नेम आहे, टणत्कार आहे. बाणाशिवाय दोरी सुटण्याला मात्र शब्द सापडला नाही. मला वाटायचं, बाणच नाही तर धोका कसला? रिकामी बंदूक, रिकामी गोफण, तसंच हे. जोंधळ्याच्या माळ्यावर आम्ही रिकाम्या गोफणी दिवसभर फिरवायचो, कुणाचं काही बिघडायचं नाही.

इथं उलटं आहे. साठ पौंडांचं धनुष्य, म्हणजे सत्तावीस किलोंची ओढ, पूर्ण ओढलं की त्याच्या पातींत साधारण १०० ज्यूल ऊर्जा साठते. तागडीतलं एक किलोचं वजन तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली आपटतं तेव्हा जेवढी, तेवढी. दोरी सुटली की ह्यातला तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त वाटा बाण घेऊन जातो. बाणाचं वजन म्हणाल तर वीस-बावीस ग्रॅम! पण तेवढंच वजन दोरीला पुढं जाताना अडवतं, पाती थोड्या धीमेपणानं सरळ होतात आणि त्यांचा जोर बाणाबरोबर घराबाहेर पडतो. बाण नसेल तर जोर घरातच राहतो. पाती मोकाट सुटतात, दोरी एका झटक्यात ताणून थांबते, आणि मग चाक वाकतं, दोरी उतरते किंवा पाती फुटते. माझ्याबाबतीत दोन गोष्टी झाल्या. चाक वाचलं.

म्हणूनच बाण फार हलकाही चालत नाही. ओढीच्या दर पौंडामागे निदान पाच ग्रेन, म्हणजे साठ पौंडांना साडेएकोणीस ग्रॅम, असा धनुष्यवाल्यांचा हिशेब असतो. आडवं धनुष्य, ज्याला क्रॉसबो म्हणतात, ते तर ह्याहून वाईट. पाती आखूड, ओढ दीडशे पौंड आणि वर, आणि सोडायला एका बोटाचा घोडा. बाण बसल्याशिवाय घोडा दाबताच येऊ नये अशी अडकण आता त्यांत बसवतात. माझ्यासारखे मामा तिकडेही असणार.

मग मला आमच्या लहानपणीचा पिंजारी आठवला. सांगलीत गल्लीतून तो खांद्यावर धनुकली घेऊन यायचा, तात छेडत, टंय् टंय् करत. अंगणात कापूस पसरून लाकडी ठोकळ्यानं तातेवर तासन्‌तास ठोके द्यायचा. ते धनुष्य जन्मभर बाणाशिवायच वाजलं, आणि मोडलं कधी नाही. भाच्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "मामा, त्याचं लाकूड वाकतच नाही ना. तात इंचभर हलणार, सगळा धक्का कापसात. साठवलंच नाही तर फुटणार काय?" हे पोरगं दहावीत विज्ञानात काठावर पास झालंय.

दुरुस्ती व्हायला दीड महिना लागला. तोवर तो रबराच्या पट्ट्यावर सराव करत होता. धनुष्याची नुसती ओढ गिरवायची असेल तर ती मंडळी पट्टाच ओढतात. बाण चढवल्याशिवाय दोरीला कुणी हात लावत नाही.

आता साताऱ्याला गेलो की तो मला मैदानावर नेतो आणि काम देतो. ५० मीटरवरच्या लक्ष्यातून बाण उपटून आणायचे. प्रत्येक बाणाच्या शेपटाला प्लास्टिकची एक खाच असते, तिला ते नॉक म्हणतात. दोरी तिच्यात बसते. खाच तडकलेली असेल तर सोडताना ती फुटते, दोरी बाणाला न ढकलता निसटून जाते आणि बाण असूनही नसल्यासारखं होतं. मी चष्मा कपाळावर चढवतो आणि एकेका खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवतो. गेल्या खेपेला बारा बाणांत एक निघाला, केसाएवढी चीर. भाच्याला दाखवला. त्यानं तो उन्हात धरून पाहिला, काही बोलला नाही, भात्याच्या बाहेरच्या कप्प्यात वेगळा ठेवला, आणि उरलेले अकरा घेऊन रेषेवर गेला.