ट्रॅक्टरचा सेल्फ फिरत नाही, तेव्हा...



खरिपाची पेरणी उरकली की ट्रॅक्टर शेडात किंवा गोठ्याच्या आडोशाला उभा राहतो. रानात चिखल, त्यामुळे दीड-दोन महिने त्याला कुणी हात लावत नाही. पुढे पाऊस उघडतो, वाफसा येतो, ज्वारी-हरभऱ्याची घाई सुरू होते. आणि नेमकी त्याच दिवशी चावी फिरवावी, तर सेल्फ ढिम्म! मग 'सेल्फ जळाला' म्हणून तो खोलून तालुक्याला न्यायची धावपळ होते. पण उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात बहुतेक वेळा खोट असते ती बॅटरीत, नाहीतर तारांच्या जोडात. म्हणून सेल्फ खोलण्याआधी क्रमाने तपासणी करावी. आज तोच क्रम पाहू.

चावी लावण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद आणि ब्रेक लावलेला हवा. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच पुरता दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फला वीज जातच नाही. ही सोय तुमच्या जिवासाठीच केलेली असते.

दुसरी गोष्ट सायलेन्सरची. उभा सायलेन्सर पावसात उघडा राहिला असेल, तर पाणी थेट इंजिनात उतरू शकते. पाणी दाबले जात नाही. अशा वेळी जोराने सेल्फ मारला किंवा ट्रॅक्टर ओढून चालू केला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. शंका असेल तर बॅटरीची तार सोडवा, इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवा आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवून पाहा. जड जाईल, पण फिरेल, तर ठीक. एका जागी ठाम अडले, तर जबरदस्ती नको. मेकॅनिककडून नोझल काढून पाणी बाहेर काढून घ्या. ऑइलही तपासा. ते दुधाळ दिसले तर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

आता पुढचे दिवे लावा, चावी फिरवा आणि नीट बघा, नीट ऐका.

१) दिवे लागतच नाहीत किंवा चावी फिरवताच विझू लागतात, 'टकटकटक' आवाज येतो : बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे.

२) दिवे चांगले राहतात, पण आवाजच नाही : वीज सेल्फपर्यंत पोचत नाही. क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच, फ्यूज, चावीचा स्विच आणि सोलेनॉईडची बारीक तार बघा. पावसाळ्यात उंदीर तारा कुरतडतात, हे विसरू नका.

३) एकच 'टक' आवाज येतो आणि पुढे काही नाही : आधी जाड तारांचे जोड बघा. ते स्वच्छ, बॅटरी भरलेली, इंजिनही हाताने फिरते, आणि तरीही तेच, तर मात्र सोलेनॉईड किंवा सेल्फचे कार्बन तपासायला मेकॅनिक बोलवा.

जोड साफ करताना चेसीला गेलेली तार आधी सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा. म्हणजे पाना कुठे टेकला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ती धुऊन काढा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे पुसा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. चेसीकडचे टोकही तसेच घासा. तिथला गंज सहसा कुणी बघत नाही.

बारा व्होल्टची भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. बुचे असलेल्या बॅटरीत पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे पाणी नको, आम्लही नको. आणि बॅटरीजवळ विडी-काडी अजिबात नको. चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगतो. सेल्फ फिरत नाही म्हणून खाली उभे राहून पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून तो फिरवायची सवय गावोगाव दिसते. बंधूंनो, हे करू नका! यात क्लच-न्यूट्रलची सोय बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन चालू होताच तो पुढे सरकतो आणि माणूस मागच्या चाकाखाली सापडतो. पळायला वेळच मिळत नाही. सेल्फ मारायचा तो सीटवर बसूनच. आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर चांगला सेल्फही तापून जळेल.

पुढच्या पावसाळ्यासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालावा आणि इंजिन चालू करण्याआधी तो काढावा. पंधरवड्यातून एकदा, शेडाची दारे उघडी ठेवून, अर्धा तास इंजिन चालवावे. ते जमणार नसेल तर बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी.

एवढे केले, तर वाफशाचा दिवस गॅरेजच्या दारात जाणार नाही, पेरणीतच जाईल.