अंतराळ संशोधनाची परदेशवाट : शिष्यवृत्ती आणि उमेदवारी

खानदेशातील धरणगाव हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली याच गावी झाला. आकाशाशी या परिसराचे नाते जुने आहे. कवीने ते सौंदर्यासाठी न्याहाळले; कोरडवाहू शेतकरी आजही पावसाच्या आशेने त्याकडे पाहतो. आता त्याच आकाशातून उपग्रह या शेतांकडे पाहत आहेत. हे उपग्रह घडविणाऱ्या आणि त्यांनी धाडलेल्या माहितीचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रज्ञांत धरणगावच्या मुलामुलींनाही स्थान मिळाले पाहिजे. त्यासाठी परदेशातील प्रयोगशाळेत काही काळ काम करण्याची संधी फार मोलाची ठरते. परंतु पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. खर्चाची तरतूद कोठून होणार? कोणते दार आपल्यासाठी उघडे आहे? आणि जायचे ते नेमके कशासाठी? यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले, त्याला पहिल्या दोहोंचे उत्तर शोधणे सोपे जाते. भारतीय अंतराळ कार्यक्रमाचा प्रारंभच याची साक्ष देतो.

थुंब्याचा धडा

डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली १९६२ साली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्तालगत असल्याने अग्निबाणतळासाठी निवडण्यात आले. तळ उभारण्याचा अनुभव मात्र देशात कोणाजवळ नव्हता. तेव्हा निवडक तरुण अभियंते व शास्त्रज्ञ यांना अमेरिकेतील नासा या संस्थेकडे प्रशिक्षणासाठी पाठविण्यात आले. मेरीलँडमधील गोडार्ड केंद्र आणि व्हर्जिनियातील वॉलॉप्स बेटावरील अग्निबाणतळ ही त्यांची पाठशाळा होती.

या तुकडीत एक मराठी तरुण होता. प्रमोद काळे यांचा जन्म १९४१ साली पुण्यात झाला. त्यांचे शिक्षण पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे झाले. १९६२ साली त्यांनी गुजरात विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील एम. एस्सी. पदवी मिळविली आणि १९६३ साली ते गोडार्ड केंद्रात दाखल झाले. पदवी संपादन करून अवघे एक वर्ष लोटले होते. पुढे हेच काळे थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले.

ही मंडळी तेथे दुसरी पदवी घेण्यासाठी गेली नव्हती. प्रत्येकाकडे नेमून दिलेले काम होते. आर. अरवमुदन यांनी दूरमापन व मागोवा घेण्याची यंत्रणा अभ्यासली, ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे अग्निबाणाची जोडणी व सुरक्षितता हा विषय आला. परतल्यावर कोठे आणि काय उभारायचे, हे जाण्यापूर्वीच ठरले होते.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यावरील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे होते. ऐनवेळी अग्निबाण उचलणाऱ्या यारीच्या द्रवचलित यंत्रणेत गळती सुरू झाली, तेव्हा उपस्थितांनी तो हातांनी उचलून जागेवर बसविला. परदेशी प्रशिक्षणाने कार्यपद्धती शिकविली. अपुऱ्या साधनांनिशी ती पार पाडण्याची जिद्द मात्र येथलीच होती.

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे दुसरे उदाहरण. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन करून ते साराभाईंच्या कार्यात सामील होण्यासाठी मायदेशी परतले. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या व्यवस्थापनाची धुरा त्यांनी वाहिली. विश्वकिरणांचा अभ्यासक खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचला, हे त्या परदेशी वास्तव्याचे खरे फलित होय.

शिष्यवृत्तीची परंपरा

होतकरू विद्यार्थ्यास परदेशी धाडण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. खानदेशाला लागून असलेल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड पुढे बडोद्याचे महाराज झाले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ती रक्कम दरमहा साडेअकरा पौंड होती आणि शिक्षणानंतर बडोदा संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार तिच्याशी जोडलेला होता. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांना केंब्रिजला जाण्यासाठी जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली स्थापन केलेल्या निधीचे साहाय्य लाभले होते.

आज हे कार्य शासनाच्या अनेक योजना करीत आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; तिच्याद्वारे दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांची निवड केली जाते. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल, पावरा व तडवी कुटुंबांनी तिची विशेष दखल घ्यावी. इतर मागासवर्ग, भटक्या जमाती आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी यांच्यासाठीही स्वतंत्र योजना आहेत. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू असून २०२१-२२ पासून तिच्या जागा १२५ करण्यात आल्या. उत्पन्नमर्यादा, वयोमर्यादा आणि परदेशी विद्यापीठाचे मानांकन यांविषयीच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून न राहता त्या त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचणे हितावह ठरेल.

उघडी दारे, बंद दारे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शासनाच्या या योजना मुख्यतः पदव्युत्तर पदवी अथवा पीएच.डी.साठी आहेत, दोन-तीन महिन्यांच्या सुट्या उमेदवारीसाठी, म्हणजेच इंटर्नशिपसाठी, नाहीत. शिवाय अंतराळ संस्थांची दारे सर्वांना खुली नसतात. युरोपीय अंतराळ संस्थेतील उमेदवारी मुख्यतः तिच्या सदस्य व सहयोगी देशांच्या नागरिकांसाठी राखीव असते. नासाच्या बहुतेक जागा अमेरिकी नागरिकांसाठी असतात. अग्निबाणाचे तंत्र आणि क्षेपणास्त्राचे तंत्र यांत अंतर थोडे, म्हणून सर्वच देश याबाबत सावध असतात. नकार आल्यास त्यामागे विद्यार्थ्याची गुणवत्ता नव्हे, तर त्याचे नागरिकत्व हे कारण असू शकते. हे ठाऊक नसल्यामुळे खेड्यातील हुशार मुलगा किंवा मुलगी उगाच खचून जाते.

अशा वेळी विद्यापीठाचा मार्ग अधिक सुकर ठरतो. शिष्यवृत्ती घेऊन परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळविल्यास तेथील प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतून उपग्रहांच्या कामाशी संबंध येतो. जपानच्या सागामिहारा येथील अंतराळ विज्ञान संस्थेत पदव्युत्तर विद्यार्थी विद्यापीठामार्फतच येतात. जपान शासनाच्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्त्याही भारतीयांना खुल्या आहेत. खगोलशास्त्र, हवामानशास्त्र आणि सुदूर संवेदन या विषयांत असे निर्बंध तुलनेने कमी आहेत.

पूर्वतयारी घरीच

परदेशी प्राध्यापक अर्जदाराला प्रथम विचारतात, ‘आपण आजवर कोणते काम केले आहे?’ त्याचे उत्तर येथेच तयार करता येते. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले; त्यामुळे पदव्युत्तर विज्ञान शिक्षण घराजवळ आले. पुण्याचे आयुका हे खगोलविज्ञान केंद्र आणि नारायणगावाजवळील महाकाय रेडिओ दुर्बीण चालविणारी संस्था सुट्टीतील प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांची निवड करीत आल्या आहेत. २०२३ साली सोडलेल्या आदित्य-एल१ या यानावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण आयुकाच्या पुढाकारानेच घडली. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरस्थ पद्धतीने विनामूल्य अभ्यासक्रम चालविते. असा एखादा प्रकल्प, संगणकीय आज्ञावली लिहिण्याचा सराव आणि स्वच्छ इंग्रजी लेखन एवढी शिदोरी बरोबर असावी. पारपत्र, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांची जमवाजमव निदान दोन वर्षे आधी सुरू करावी. गुणपत्रिका उत्तम असूनही एका कागदावाचून संधी हुकणे, यासारखी दुःखद गोष्ट नाही.

आणि परत कशासाठी?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह अवकाशात गेला. त्यावरील एक रडार नासाने, तर दुसरे इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने तयार केले. १९६३ साली जेथे विद्यार्थी म्हणून जावे लागले, त्या संस्थेशी भारताने बरोबरीच्या नात्याने काम केले. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या कॅमेऱ्यांना शेते दिसत नाहीत. रडारच्या लहरी मात्र ढग भेदून जमिनीतील ओलावा व पिकांची वाढ टिपतात. हा उपग्रह बारा दिवसांनी पुन्हा त्याच ठिकाणावरून जातो. या माहितीचा अर्थ धरणगाव तालुक्यातील कापसाच्या शेताला कोण लावून देणार? काळी जमीन आणि तिचा पाऊस ज्याने लहानपणापासून पाहिला आहे, तोच विद्यार्थी हे काम अधिक जाणतेपणाने करू शकेल.

आज अन्य देशांचे तरुणही शिकण्यासाठी भारतात येतात. २०१९ पासून बंगळूरच्या उपग्रह केंद्रात इस्रोने विविध देशांच्या प्रशिक्षणार्थींना लहान उपग्रह बांधण्याचे शिक्षण दिले आहे. ज्ञानाची देवघेव दोन्ही बाजूंनी चालू असली, तरच ती फलदायी होते.

विद्यार्थी मित्रहो, शिष्यवृत्ती हा जनतेच्या पैशातून मिळालेला प्रवासखर्च आहे. अर्ज भरताना ‘कोठे जायचे’ या रकान्याआधी ‘परत येऊन काय करायचे’ याचे उत्तर मनाशी लिहून ठेवावे. ते ज्याच्यापाशी असेल, त्याला धरणगावहून निघालेली वाट खचित दूर नेईल आणि सुखरूप परतही आणील.