पान्हा फुटेपर्यंत

काशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मणिकर्णिकेचा घाट उभा राहतो. काशीयात्रा हे आयुष्याच्या अखेरीचे कर्तव्य, अशी जुनी समजूत आहे. परंतु ज्या नगरात माणसे शेवटचा श्वास घेण्यासाठी येतात, त्याच नगराच्या गल्लीबोळांत रोज नवी बालके पहिला श्वासही घेत असतात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वस्ती करून राहिली. तेथील एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर, दाराला पडदा लावलेल्या खोलीत, इस्पितळातून नुकतीच घरी आलेली पहिलटकरीण बसली आहे, असे चित्र मनापुढे आणावे. मूल तीन दिवसांचे आहे. ते रडते, जवळ घेतले की क्षणभर शोधते, तोंड फिरवते आणि पुन्हा रडू लागते. आईची छाती दगडासारखी जड झाली आहे, बोंडांना चिरा पडल्या आहेत, दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. आणि पडद्याबाहेर कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, “हिला दूधच नाही वाटतं.”

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. तथापि ऐकणारीच्या मनात ते वाक्य खोल रुतते. लेकरू भुकेले आहे आणि त्याला द्यायला आपल्यापाशी काही नाही, या विचारासारखी दुसरी यातना आईला नाही. त्या यातनेतून घाईघाईने दुधाची बाटली घरात येते, आणि बाटली आली की छातीशी लागण्याची बाळाची गरज कमी होते. ज्याची भीती वाटत होती, तेच मग खरे होऊ लागते. वस्तुतः तिसऱ्या दिवसाची ही अवस्था बहुतेक वेळा आरंभाची असते. ती तशी आहे हे ओळखता आले, तर पुढचे पुष्कळसे दुःख टळते.

या विषयाचा विचार काशीला नवा नाही. सुश्रुतसंहिता हा आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना केलेल्या उपदेशाच्या रूपाने मांडलेला आहे. शस्त्रक्रियेसाठी त्याची कीर्ती मोठी. परंतु त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात बाळंतीण आणि तान्हे मूल यांचाही विचार येतो. प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी स्त्रीला दूध येऊ लागते, असे तेथे सांगितले आहे. आजचे शरीरशास्त्रही कालावधी जवळजवळ तोच सांगते. वार पडून गेली की गर्भावस्थेत दूध रोखून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तातून झपाट्याने कमी होते, प्रोलॅक्टिनचा प्रभाव वाढतो, आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. पहिलटकरणीला, अवघड प्रसूतीनंतर किंवा शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असल्यास याला थोडा अधिक वेळ लागू शकतो.

मग त्या आधीच्या दिवसांत मुलाने काय घ्यावे? येथे मात्र जुन्या ग्रंथाला सोडून पुढे जावे लागते. सुश्रुताने त्या दिवसांसाठी मध-तुपाचे चाटण सांगितले, आणि मध, साखरेचे पाणी, जन्मघुटी देण्याच्या चाली देशभर अजूनही आढळतात. आज हे निश्चित ठाऊक आहे, की छाती भरून येण्यापूर्वीही आईच्या अंगावर दूध असतेच. ते पिवळसर, दाट आणि थोडे असते. मराठीत त्याला चीक म्हणतात. पहिल्या दिवसभरात तो जेमतेम काही चमचे निघतो, म्हणून तो नगण्य वाटतो. पण नवजात बालकाचे पोटही तेवढेच लहान असते, आणि त्या थोड्याशा चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. मधाने उलट अपाय होऊ शकतो. त्यातील विशिष्ट जंतूंमुळे तान्ह्या मुलाला गंभीर विषबाधा होण्याचा संभव असल्याने वर्षाच्या आत मध देऊ नये, असे वैद्यक सांगते.

जन्मानंतर तासाभराच्या आत मूल अंगावर घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातील शंभर बालकांपैकी सुमारे ४२ बालकांनाच या पहिल्या तासात आईचे दूध मिळाल्याचे दिसले. ज्या उत्तर प्रदेशात काशी आहे, तेथे हा आकडा २४ च्या आसपास होता. पुष्कळशा घरांत दुधाची अडचण या पहिल्या दिवसापासूनच सुरू होते, कारण दूध तयार होण्याचा नियम मागणीचा आहे. मूल जितक्या वेळा चोखेल आणि छाती जितकी रिकामी होईल, तितके नवे दूध बनते. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीसुद्धा, मूल अंगावर घेणे हे नवजात अवस्थेत स्वाभाविक आहे. “आत्ताच तर घेतले होते,” असे म्हणून घड्याळाकडे पाहण्याची ही वेळ नसते.

आता त्या माडीवरच्या आईच्या चिरांकडे वळावे. आरंभी थोडा हुळहुळेपणा असतो. पण प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणणारी वेदना होत असेल, तर बहुधा मुलाची पकड चुकलेली असते. त्याच्या तोंडात केवळ बोंड जाते. त्यामुळे दूध नीट निघत नाही आणि त्वचा मात्र सोलवटते. यावर उपाय साधा आहे, पण तो शिकावा लागतो. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे, डोके आणि पाठ एका रेषेत असावी, नाक बोंडासमोर यावे. बोंड ओठांवरून हलकेच फिरवले की बाळ तोंड मोठे उघडते, त्या क्षणी त्याला छातीकडे आणावे. आईने वाकून छाती मुलाकडे नेली, तर थोड्याच वेळात पाठ आणि मान भरून येते. बोंडासभोवतीचा काळसर भाग बराचसा तोंडात गेला, खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी छातीला टेकली, की पकड साधली असे समजावे. सोडवताना ओढू नये. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सैल करावी. चिरांवर साबण लावू नये. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब त्यावर लावून वाळू द्यावा, आणि दुसऱ्या वेळी पकड सुधारावी.

छाती दगडासारखी झाली असता मुलाला ती धरताच येत नाही. फुगवून ताणलेल्या फुग्याला चिमटीत पकडता येत नाही, तसेच हे असते. अशा वेळी पाजण्यापूर्वी कोमट पाण्याने शेकावे, हाताने थोडे दूध पिळून काढावे, म्हणजे काळसर भाग मऊ होतो. पाजून झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. पाजण्यापूर्वी थोडे दूध पिळून टाकावे, नाहीतर भरलेल्या ताठ छातीचे दूध पिताना मुलाला खोकला आणि वांती होते, असा इशारा सुश्रुताने दिलेला आहे. निरीक्षण किती बारीक होते, ते यावरून दिसावे. आज इतकेच म्हणावे लागते, की काढलेले दूध टाकून देऊ नये. स्वच्छ वाटीत धरून ते चमच्याने मुलालाच द्यावे. छातीचा एखादा भाग लाल होऊन दुखू लागला, थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे. त्या आजारातही पाजणे थांबवायचे नसते. थांबवले तर दूध साकळून आजार वाढण्याचाच संभव अधिक.

दूध बनणे आणि दूध उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला मराठीत अतिशय सुंदर शब्द आहे, पान्हा. ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आकुंचित करते आणि दूध पुढे ढकलले जाते. हे संप्रेरक मूल चोखू लागले की स्रवते. पण मूल नुसते दिसले, त्याचा आवाज कानी आला, त्याची आठवण झाली, तरीही ते स्रवू शकते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात नेमके हेच आले आहे. मुलाच्या स्पर्शाने, दर्शनाने, स्मरणाने दूध वाहते आणि स्नेह हे त्याचे कारण आहे, असे तो ग्रंथ मानतो. शारीरस्थानात याची दुसरी बाजूही सांगितली आहे. क्रोधाने, शोकाने आणि वात्सल्याच्या अभावाने दूध नाहीसे होते. वेदना, चिंता आणि अपमान यांनी पान्हा काही काळ अडतो, हे आजचे शास्त्रही मान्य करते. अडलेला पान्हा शांततेत पुन्हा मोकळा होतो.

परंतु वात्सल्याचा अभाव हे शब्द बाळंतिणीच्या माथी दोष म्हणून मारता कामा नयेत. तीन दिवस न झोपलेल्या, टाके दुखत असलेल्या, सतत ऐकून घेणाऱ्या मुलीकडे वात्सल्य कमी असते, असे कोण म्हणेल? कमी पडत असते ते तिच्या वाट्याला येणारे वात्सल्य. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू तिच्या पुढ्यात ठेवणे चांगलेच. तिला पौष्टिक अन्न आणि तहान भागेल इतके पाणी हवेच. पण त्या खिरीच्या वाटीबरोबर “किती उतरलं?” हा प्रश्नही आला, तर खिरीचा गुण वाया जातो.

दूध पुरते की नाही, याची खूण रडण्यावरून काढू नये. मूल ऊब हवी म्हणून रडते, झोप आली म्हणून रडते, संध्याकाळी उगाचच रडते. पाचव्या दिवसापासून दिवसाकाठी निदान सहा वेळा लघवी होत असेल, शी काळी जाऊन पिवळी झाली असेल, तर दूध पोचते आहे. जन्मानंतर वजन थोडे उतरते आणि बहुधा दोन आठवड्यांत ते भरून येते. काशीच्या उन्हाळ्यात, लू वाहू लागली की, तान्ह्या मुलाला पाण्याचे दोन थेंब पाजण्याचा मोह घरच्यांना होतो. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत वेगळ्या पाण्याची गरज नाही, उन्हाळ्यातही नाही.

हे सर्व करूनही खरी अडचण असू शकते, आणि ती लपवून ठेवणे धोक्याचे असते. मूल निपचित पडू लागले, चोखायला उठेनासे झाले, लघवी कमी झाली, अंग फार पिवळे दिसू लागले, वजन जन्मवेळेच्या दशांशाहून अधिक उतरले, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. तेव्हा मुलाला वरून आहार लागेल, आणि तो दिल्याने आई हरत नाही. प्रथम तिचेच काढलेले दूध, ते पुरेसे नसेल तर दुसऱ्या मातेचे, आणि तेही नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचे दूध द्यावे. तेही शक्यतो वाटी-चमच्याने, म्हणजे छातीची सवय मोडत नाही. डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने भारतात बंदी आहे. गरजेपुरत्या, सल्ल्याने केलेल्या वापराला नाही.

दुसऱ्या मातेचे दूध घेण्यात संकोच वाटण्याचेही कारण नाही. सुश्रुताने धात्रीची, म्हणजे दूधआईची, निवड कशी करावी हे सविस्तर सांगितले आहे. त्याच कल्पनेचे आजचे रूप म्हणजे मातृदुग्धपेढी. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली अशी पेढी सुरू झाली. मातांनी स्वखुशीने दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, दुबळ्या बालकांना दिले जाते.

मदत मागायला फार दूर जावे लागते असेही नाही. इस्पितळात बाळंतपण झाले असेल, तर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन आई आणि मूल दोघांना पाहावे, अशी सरकारी योजना आहे. त्या दिवशी आईने दुखणे सांगावे, पाजून दाखवावे. आणि एक गोष्ट अधिक. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते. पण दोन आठवडे उलटूनही मन काळवंडलेलेच राहिले, मुलाकडे पाहवेना, जगणे नको वाटू लागले, तर तेही शरीराच्या दुखण्याइतकेच खरे दुखणे समजून लगेच उपचार घ्यावेत.

आता पुन्हा त्या माडीवर जावे. पडद्याबाहेरची तीच वडीलधारी बाई या खेपेला आत येते. ती मूल हातात घेते, त्याचे लंगोट बदलते, सुनेच्या पाठीशी उशी लावते आणि म्हणते, “सूनबाई, तू अगोदर दोन घास खा. बाळ कुठं जात नाही. माझ्याही वेळी चौथा दिवस उजाडला होता.” सून हसते की रडते, ते तिलाही कळत नाही. खांदे सैल होतात. मूल पुन्हा छातीशी येते, या वेळी तोंड मोठे उघडते. थोडे चोखते, थांबते, आणि गिळल्याचा बारीकसा आवाज त्या शांत खोलीत ऐकू येतो.