एक रुपयाचा जातमुचलका

१९५१ साली आसामातल्या सिलसांग गावचा माचांग लालुंग हा २३ वर्षांचा तरुण पकडला गेला. आरोप गंभीर दुखापतीचा. वर्षभरात त्याची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो पूर्ण बरा झाल्याचा दाखला दिला. मग सुटका? छे! तिथून त्याला पुन्हा तुरुंगातच धाडलं. खटला काही उभा राहिला नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातलं, तेव्हा कुठे जुलै २००५ मध्ये लालुंग बाहेर आले. वय ७७. जातमुचलका एक रुपयाचा.

आरोपीला आपल्यावरचा आरोपच उमगत नसेल, वकिलाशी धड बोलता येत नसेल, तर खटला थांबवणं रास्तच. घोळ होतो तो पुढे. थांबलेला खटला पुन्हा बोर्डावर आणायचा कुणी? कोर्ट रुग्णालयाच्या अहवालाची वाट पाहतं, रुग्णालय कोर्टाच्या आदेशाची.

न्यायालयांनी डोळे मिटून घेतले होते, असं नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लावून धरलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं घटनाबाह्य ठरवलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याला शिक्षेनंतर तीव्र मानसिक आजार जडल्याचं पाहून फाशीऐवजी आमरण कैद दिली. निकालपत्रात त्याचा उल्लेख नुसता ‘आरोपी एक्स’ असा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगात मानसोपचाराची सोय बंधनकारक केली. पण त्याच कायद्याच्या कलम १०३ मध्ये एक गंमत आहे. तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला काय कळवायचं? तर, इथे एकही मनोरुग्ण कैदी नाही! थोडक्यात, ‘निरंक’ अहवाल. आरडाओरडा करणारा कैदी निदान नजरेत भरतो; दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसणारा डॉक्टरच्या रांगेत येतच नाही, आणि निरंकात सहज खपून जातो.

म्हणून निरंकाऐवजी यादी मागावी. कैद्याचं नाव, आजार केव्हा ध्यानात आला, औषध कोणतं चालू आहे, खटला कुठल्या कोर्टात अडकलाय आणि पुढची तारीख काय. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावी; गरजूंना मोफत वकील देणं हे त्यांचं कामच आहे. तारखेचा रकाना कोरा दिसला, की त्या वकिलाने त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज द्यावा.