आजची लढत बंद



चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात, हलगी घुमते, मैदानं भरतात. म्हणून डोक्याच्या आणि मानेच्या इजांचा विषय मला याच दिवसांत मांडायचा होता. मी डॉक्टर आहे, पण कुस्ती बंद करा असं सांगायला आलेलो नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं तो हा जिल्हा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. आपल्या शिवेपलीकडच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. हा वारसा चालू राहायचा तर तालमीत गेलेलं पोरगं धडधाकट घरी परतलं पाहिजे.

गुडघा दुखावला की पैलवान लंगडतो, खांदा निखळला की हात वर जात नाही. ते सगळ्यांना दिसतं. डोक्याच्या माराचं तसं नाही. ‘मला लागलंय’ हे ज्या मेंदूनं ओळखायचं, मार त्यालाच बसलेला असतो. म्हणून ‘काही झालं नाही वस्ताद, धरतो पुन्हा’ हे पोराचं बोलणं आपण खरं धरू नये. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच कळत नसतं. शिवाय तालमीत दुखणं सांगणं कमीपणाचं मानलं जातं. त्यामुळे थांबवण्याचा निर्णय वस्तादाचा असला पाहिजे, आणि तो तिथल्या तिथं झाला पाहिजे.

मेंदू हादरला हे ओळखायचं कसं? पहिली गोष्ट, बेशुद्ध पडणं गरजेचं नाही. बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. पोरगं उठतं, पण क्षणभर भांबावतं, तोल जातो, नजर शून्यात लागते, तोच प्रश्न दोनदा विचारतं. नंतर डोकं जड होतं, उजेड आणि हलगीचा आवाज सोसत नाही, मळमळतं, चिडचिड होते. सीटी स्कॅन काढला तर तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो, कारण बिघाड पेशींच्या कामकाजात झालेला असतो आणि तो चित्रात उमटत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे, उद्यापासून लढत’ असं म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. स्कॅननं फक्त रक्तस्राव नाही एवढंच सांगितलेलं असतं.

जगभरच्या खेळवैद्यांचं यावर आता एकमत आहे: शंका आली तरी खेळाडूला बाहेर घ्यायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरू द्यायचं नाही. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीव जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झाल्यावर आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

जपानचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तिथं शिस्त कमी होती असं कुणी म्हणणार नाही. तिथल्या शाळांमधल्या ज्युदोत १९८३ ते २०११ या काळात शंभराहून अधिक मुलं दगावली. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी शाळांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा हे चित्र देशासमोर आलं. तोवर प्रत्येक मृत्यू त्या त्या शाळेपुरता, त्या त्या घरापुरता अपघात होता. मोठा वाटा नवख्या, पहिल्या वर्षाच्या मुलांचा होता. अनेकदा घडायचं ते असं: अनुभवी मुलगा बाहेरून पाय लावून नवख्याला मागे पाडतो, नवख्याला पडायची कला आलेली नसते, आणि डोक्याचा मागचा भाग आपटतो. कधी तर डोकं आपटतही नाही, नुसता जोराचा हिसका बसतो. कवटी थांबते, मेंदू आतल्या आत पुढे सरकतो आणि त्याच्यावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून फाटतात. रक्त साठत जातं. पालकांनी संघटना केली, आवाज उठवला, तेव्हा कुठं नवख्यांना आधी पडायला शिकवायचं, डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला बसवायचं, अशा सूचना निघाल्या.

आपल्या तालमींना यातून काय घेता येईल? नव्या पोराला आपण जोर, बैठका, सपाट्या शिकवतो, मग डाव शिकवतो. पडायचं कसं हे तो पडून पडून शिकतो. हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून पडण्याचे धडे पहिल्याच महिन्यात रोज गिरवून घ्या. आणि वजनानं, वयानं भारी गड्याबरोबर त्याची जोड लावू नका. ‘मोठ्याबरोबर लढला की तयार होतो’ हे मी ऐकून आहे. मोठ्यानं हात राखून लढायचं ठरवलेलं असेल तरच ते खरं.

कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंगच्या वर्गांबद्दल थोडंच बोलतो. हेल्मेट घातलं म्हणजे मेंदू सुरक्षित झाला, हा समज सोडा. हेल्मेटमुळे कातडी फाटत नाही, पण आतला हादरा त्यानं थांबेल याचा भरवसा नाही. २०१३ साली बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेनं वरिष्ठ पुरुष गटातून हेल्मेट काढूनच टाकलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते मुष्टियोद्धे उघड्या डोक्यानं लढले. त्या निर्णयावर वाद आहेत आणि शिकाऊ मुलांनी हेल्मेट घालावंच, पण त्याच्या भरवशावर डोक्यावर जोरात मारायला परवानगी देऊ नये. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वर्षानुवर्षांच्या ठोशांचा काय परिणाम होतो, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरनं १९२८ सालीच लिहून ठेवलं आहे. हे ठोसे बहुतेक सरावातच बसतात: स्पर्धा वर्षातून मोजक्या असतात, सराव रोजचा असतो. बॉक्सिंगमधला एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे: डोक्यावरच्या ठोशानं बाद झालेल्याला किमान ३० दिवस बंदी, तीन महिन्यांत पुन्हा तसं झालं तर ९० दिवस, आणि वर्षात तिसऱ्यांदा झालं तर पूर्ण वर्ष.

आता मानेकडे येतो, कारण आपल्या मातीतला खरा धोका तिथं आहे. २०१८ साली याच जिल्ह्यात, पन्हाळा तालुक्यातल्या एका यात्रेच्या मैदानात, विशीतला एक पैलवान डावात मानेवर आदळला आणि उपचार चालू असताना काही दिवसांत गेला. तुमच्यापैकी अनेकांनी ती बातमी वाचली असेल. काही दिवस हळहळ झाली आणि पुढच्या यात्रेत मैदानं पूर्वीसारखीच भरली.

पैलवानाची मान भरदार असते, मग ती मोडते कशी? मानेत सात मणके. मान ताठ किंवा किंचित मागे असते तेव्हा त्यांना नैसर्गिक बाक असतो आणि धक्का स्नायूंत वाटला जातो. डोकं थोडं खाली झुकलं की बाक जाऊन मणके सरळ रेषेत येतात. त्या क्षणी अंगाचं वजन, वर जोडीदाराचं वजन आणि खाली जमीन, यांच्यामध्ये मान सापडते आणि स्नायू कितीही कमावलेले असले तरी हाड चिरडतं. अमेरिकी फुटबॉलमध्ये डोकं खाली घालून भिडणाऱ्या खेळाडूंच्या माना अशाच मोडत होत्या. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी हे कारण दाखवून दिल्यावर १९७६ साली तसं भिडण्यावर बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत कायमचे पंगू होणारे खेळाडू झपाट्यानं कमी झाले. खेळ आहे तसाच चालू आहे. ज्युदोतही डोकं खाली खुपसून डाव मारणाऱ्याला थेट बाद करतात.

आपल्या मैदानी कुस्तीत असा नियम ठरवायला कुणाची आडकाठी आहे? जोडीदार डोक्यावर येतोय असं दिसलं की पंचानं शिट्टी मारावी आणि कुस्ती सोडवावी. प्रेक्षक ओरडतील, ओरडू द्या. दुसरी गोष्ट मातीची. तालमीच्या हौद्यातली माती रोज उकरलेली, तेल-ताक-हळद घालून मुरवलेली असते. यात्रेच्या मैदानात अनेकदा कडक जमिनीवर पातळ थर पसरलेला असतो. उतरायच्या आधी वस्तादानं खोऱ्यानं माती उकरून पाहावी आणि थर पातळ असेल तर आपला पैलवान उतरवू नये.

एका हाताला मुंग्या आल्या, जळजळ झाली आणि दोन-चार मिनिटांत गेली, तर बहुधा खांद्याकडे जाणारी नस ताणलेली असते. तरी त्या दिवशी लढत बंद. दोन्ही हातांना मुंग्या आल्या, किंवा पाय जड वाटले, तर मज्जारज्जूला धक्का आहे असंच समजायचं. श्वासाच्या पडद्याची नस मानेतूनच निघते. म्हणून मोडलेली मान चुकीच्या पद्धतीनं हलवली तर श्वासही थांबू शकतो.

आणि नेमकं इथं आपलं प्रेम आडवं येतं. पैलवान पडला की दहा जण धावतात. कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी काखेत हात घालून उभं करतो, कुणी जाणकार म्हणवणारा ‘मान बसवतो’. मानेला झटका देणारा तो हात मला सगळ्यांत भीतीदायक वाटतो. इजा तिथं अर्धी झालेली असते, ती पुरी होते.

यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. इनामाच्या कुस्त्यांसाठी वर्गणी गोळा करता, त्यातूनच एक कडक स्ट्रेचर, मानेचा पट्टा आणि आखाड्याच्या तोंडाशी उभी रुग्णवाहिका यांचा खर्च करा. आपल्या तालुक्याला मिरज-सांगली जवळ आहे. १०८ क्रमांक फिरवायचा आणि मेंदू-मणक्याची शस्त्रक्रिया होते तिथंच न्यायचं, हे पहिली कुस्ती लागायच्या आधी ठरलेलं असावं.

घरच्यांसाठी थोडं. डोक्याला मार बसलेल्या पोराला पहिली रात्र एकटं ठेवू नका. झोपू द्यायला हरकत नाही, मात्र अधूनमधून हलवून बोलतं करा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात जडपणा, आकडी, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, गुंगी, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. कानशिलावर मार बसलेला मुलगा तासभर नीट बोलतो आणि मग कोसळतो, असंही होतं. पहिला दीड-दोन दिवस आराम आणि हलकं चालणं, मोबाइल कमी. मग शाळा, मग धावणं, मग जोडीदाराशिवाय डावांचा सराव, आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच लढत. मधल्या कुठल्याही पायरीवर डोकं पुन्हा दुखायला लागलं तर एक पायरी मागे.

बोलून जेवढं सांगता येतं तेवढं झालं. बाकीचं हातानं करून पाहायचं आहे. वस्ताद, तुमची सहा मुलं वर पाठवा. एक आडवा पडेल. एक जण त्याच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांत डोकं धरील आणि हुकूम फक्त त्याचाच चालेल. तिघं खांदा, कंबर आणि पाय धरतील, पाचवा फळी सरकवील. तीन म्हटल्यावर सगळं अंग एकदम, एका रेषेत कुशीवर. चला, या वर.