कोंबडीखाद्यातील औषध आणि त्याची किंमत



कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून १९७०नंतर ते रुग्णालयांतून बहुतांशी बाजूला पडले आणि डुकरे व कोंबड्या यांच्या वाट्याला आले. पुढे इतर औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णालयांत बळावले, तेव्हा डॉक्टरांना या टाकून दिलेल्या औषधाकडेच परतावे लागले. आज अतिदक्षता विभागातील अखेरच्या उपायांत त्याची गणना होते. मधल्या काळात ते पशुखाद्यात मिसळले जात होते, आणि तेही केवळ आजारासाठी नव्हे, तर जनावराचे वजन लवकर वाढावे म्हणून!

अल्प मात्रेत रोज दिलेले औषध सर्व जंतूंना मारीत नाही. दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि त्यांचीच प्रजा वाढते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारा ‘एमसीआर-१’ हा जनुक प्रसिद्धीस आणला. तो डुकरांत, बाजारातील मांसात आणि रुग्णांतही आढळला होता. हा जनुक ज्या फिरत्या तुकड्यावर वसतो, तो एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला सहज देऊ शकतो. गोठा आणि रुग्णालय यांच्यामधील भिंत त्याला अडवीत नाही. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी होणारा हा वापर थांबविला; भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता या औषधाच्या निर्मितीवर व विक्रीवर बंदी घातली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे विचित्र हिशेब दिसतो. लवकर वाढलेल्या वजनाचा नफा खाद्य व पक्षी यांच्या मालकाच्या वहीत जमा होतो. निकामी झालेल्या औषधाचा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तो रुग्णाच्या नातेवाइकांना दागिने गहाण ठेवून भागवावा लागतो.

यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीजबिल आणि राबणे शेतकऱ्याचे. मोबदला किलोवर. मर झाली किंवा खाद्य जास्त लागले, तर त्याची कमाई घटते. पोत्यात काय मिसळले आहे, हे विचारण्याचे बळ त्याच्यापाशी कोठून येणार?

डेन्मार्कचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १९९५ मध्ये तेथे अव्होपार्सिन या वाढीच्या औषधावर बंदी आली, आणि त्याच वर्षी पशुवैद्यांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावरही मर्यादा घातली गेली. औषध लिहून देणाऱ्यानेच ते विकून नफा मिळवू नये, एवढी साधी ही गोष्ट. १९९८ पासून उत्पादकांनी आपण होऊन कोंबड्यांचे, आणि १९९९अखेर डुकरांचेही, वाढीसाठीचे प्रतिजैविक बंद केले. दूध तोडलेल्या पिलांत हगवण वाढली, उपचारासाठी औषधही अधिक लागले. हे लपविण्याचे कारण नाही. तरीही डुकरांचे उत्पादन काही बसले नाही.

आपल्याकडे बंदीचा हुकूम एका औषधापुरता असो वा दहा औषधांपुरता, करारपत्र जुनेच राहिले तर शेडपर्यंत पोहोचणार काय? खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर औषधाचे नाव व प्रमाण मराठीत छापले जावे आणि करारपत्राची प्रत शेतकऱ्याच्या हाती असावी, ही मागणी तालुक्या-तालुक्यातून पुढे आली पाहिजे.