गुडघा तिचा, चषक मंडळाचा

(पेण येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय आरोग्याचा आहे आणि मी बोलणार आहे खेळाबद्दल. त्याचं कारण आहे.

मला हॉकीचं वेड. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पुण्याच्या एलिझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, ते ऐकत मी मोठी झाले. २०२१ मध्ये राणी रामपालचा संघ टोकियोत चौथा आला, तेव्हा मी ढसाढसा रडले. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या संघात दुखापतीमुळे राणी नव्हती. मी चिडून म्हणाले, 'आता कशाला बघायच्या मॅचेस?'

त्याच सुमारास बचतगटाच्या कामासाठी रोह्याजवळच्या एका गावात गेले होते. तिथे एका ओटीवर वीसेक वर्षांची मुलगी पाय लांब करून बसलेली. आपल्याकडे पेणपासून रोह्यापर्यंत कबड्डीचं वेड किती, ते तुम्हाला सांगायला नको. ही मुलगी पंचक्रोशीतली नावाजलेली चढाईपटू. एका सामन्यात वळताना पाय मातीत रुतला आणि गुडघ्यात 'कट्' आवाज झाला. गावातली माणसं मला हळहळून सांगत होती, 'आमची टीम गेली हो, यंदा फायनल नाही.'

मी गप्प झाले. राणीबद्दल मीही हेच म्हणाले होते. तिचं दुखतं किती, ती काय करते, हे मी कुठे विचारलं होतं?

राष्ट्रीय संघातल्या मुलींसाठी शिबिरात फिजिओथेरपिस्ट तरी असतात. या मुलीचा गुडघा मालिशवाल्याने ओढला. सूज उतरली तशी ती पुन्हा हंडे वाहू लागली. चालता चालता गुडघा सटकायचा. आई म्हणाली, 'बाहेर बोलू नको, स्थळं येणार नाहीत.' वडील म्हणाले, 'ऑपरेशनचं लग्नानंतर बघू.' म्हणजे खर्च सासरच्यांनी करावा, आणि तोवर दुखणं लपवावं! मंडळाने तिनेच जिंकून दिलेला चषक कपाटात ठेवला होता. तिच्या औषधाला मात्र कुणी पैसा दिला नाही.

डॉक्टर सांगतात, गुडघ्यात आवाज होऊन काही तासांत सूज आली तर आतला लिगामेंट तुटलेला असू शकतो. अशा वेळी मालिश करू नये, ओढू नये. बर्फ लावावा, पायावर भार देऊ नये आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. ऑपरेशन झालं तरी मैदानात परतायला निदान नऊ महिने लागतात. ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा काही पटींनी जास्त होते. पण 'बाईचा देहच नाजूक' म्हणून हात झटकू नका. मांडीचे स्नायू बळकट करणारे आणि उडीनंतर नीट पाय टेकायला शिकवणारे व्यायाम नियमित घेतले, तर धोका बराच कमी होतो. ते व्यायाम आपल्या मुलींना शिकवतो कोण?

सत्कार आपल्याला जमतात. २०१२ साली पाटण्याला महिला कबड्डीचा विश्वचषक भारताने जिंकला, त्यात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. आपण टाळ्या वाजवल्या. पण पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून रंगते आहे आणि बायकांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक स्पर्धा झाली, ती पुढच्या वर्षी झालीच नाही. खेळून पोट भरेल ही आशा नसेल, तर घरचे तरी मुलीच्या गुडघ्यावर पैसे का घालतील?

म्हणून माझं सांगणं असं. स्पर्धेची वर्गणी मागायला मंडळी आपल्या दारी येतात. त्यांना विचारा, जखमी मुलीच्या उपचारासाठी यातले किती बाजूला ठेवणार? मैदानावर बर्फ आणि दवाखान्यात न्यायला गाडी आहे का? उत्तर मिळाल्याशिवाय पावती फाडू देऊ नका. आणि घरात, मुलीचा पाय दुखतो आहे तोवर हंडा भावाच्या हातात द्या.

ती मुलगी पुन्हा खेळली नाही. गावातले अजून म्हणतात, 'काय चढाई होती तिची!' ती ऐकून हसते. ते हसणं मला बघवत नाही. पुढच्या मुलीवर ही वेळ येऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.